आकाश मोकळे झाले. खालच्या माणसाचे काय?

एखाद्या नव्या यंत्राकडे पाहण्याची सरकारची दृष्टी किती झपाट्याने पालटू शकते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने आपल्या देशातील ड्रोनविषयक नियमांचा इतिहास वाचावा. २०१४ च्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून खाजगी व्यक्तींना व संस्थांना ड्रोन उडविण्यास मनाई केली. २०१८ च्या ऑगस्टात पहिली सविस्तर नियमावली निघाली व ती १ डिसेंबरपासून अंमलात आली. 'परवानगी नाही, तर उड्डाण नाही' हे तिचे सूत्र होते. २०२१ च्या मार्चमध्ये दुसरी नियमावली आली. तिच्यातील अर्जांची आणि शुल्कांची जंत्री पाहून या धंद्यातील मंडळींनी कपाळाला हात लावला. अवघ्या पाच महिन्यांत ती मोडीत निघाली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ड्रोन नियम, २०२१' जारी झाले. २५ अर्जांच्या जागी ५ अर्ज आले, ७२ प्रकारच्या शुल्कांच्या जागी ४ आली. २०२२ च्या फेब्रुवारीत ड्रोनचालकाचा सरकारी परवाना जाऊन त्याच्या जागी प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र आले. २०२३ च्या सप्टेंबरात त्या प्रमाणपत्रासाठी लागणारी पारपत्राची अटही सुटली. संपूर्ण मनाईपासून जवळजवळ मुक्तद्वारापर्यंतचा हा प्रवास दहा वर्षांच्या आत पुरा झाला.

या उदार धोरणाचे आम्ही स्वागतच करतो. ड्रोन हे आता हौशी तरुणांचे खेळणे राहिलेले नाही. स्वामित्व योजनेखाली खेड्यापाड्यांतील गावठाणांची मोजणी त्याने केली, पिकांवर फवारणी तो करतो, पूल आणि विजेच्या वाहिन्या यांची पाहणी तो करतो, आणि लग्नाच्या वरातीपासून पालखीच्या रिंगणापर्यंत त्याचा डोळा सर्वत्र फिरत असतो. पारपत्राची अट खेड्यातल्या होतकरू मुलामुलींच्या वाटेतील धोंड होती, ती गेली हे उत्तम झाले. तथापि, नियमांच्या या सर्व स्थित्यंतरांत चर्चा झाली ती ड्रोन उडविणाऱ्याची, बनविणाऱ्याची आणि त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या सरकारची. ज्याने ड्रोन विकत घेतलेला नाही, उडविलेला नाही, बहुधा त्याच्याकडे मान वर करून पाहिलेलेही नाही, अशा एका माणसाची मात्र कोणी फारशी विचारपूस केली नाही. तो म्हणजे ड्रोनच्या खाली असणारा माणूस.

हा माणूस कोण? वरातीत नाचणारा पाहुणा, शेजारच्या वावरात निंदणी करणारी बाई, रस्त्याने सायकलवरून शाळेला निघालेला मुलगा. पंधरा-वीस किलो वजनाचे यंत्र बॅटरी दगा देऊन किंवा पाते तुटून यांपैकी कोणाच्या अंगावर कोसळले, तर त्याच्या इस्पितळाचा खर्च कोणी द्यावयाचा? घरातला कर्ता पुरुष गेला, तर त्याच्या मुलाबाळांनी कोणाचे दार ठोठवावयाचे? आकाश मोकळे करणाऱ्या सरकारने या प्रश्नाचे उत्तर तितक्याच मोकळेपणाने दिले आहे काय?

उत्तर अगदीच नाही असे नाही. २०२१ च्या नियमांतील ४४ व्या नियमात ते आहे. पण ते किती त्रोटक! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील थर्ड पार्टी विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या तरतुदी 'योग्य त्या फेरफारांसह' ड्रोनला लागू होतील, आणि २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला असा विमा नसला तरी चालेल, हे या नियमाचे सार. फेरफार कोणते, ते कोणी करावयाचे, विमा किमान किती रकमेचा असावा, दावा कोणत्या दारात दाखल करावयाचा, या सर्व बाबतींत नियम मुग्ध आहे. एका संपूर्ण कायदेशाखेचा भार नियमकर्त्यांनी 'योग्य त्या फेरफारांसह' या तीन शब्दांवर टाकला आहे.

मोटारीच्या विम्याचा कायदा काही एका रात्रीत घडलेला नाही. रस्त्यावर मोटारी धावू लागल्यानंतर कित्येक वर्षे, धडक देणाऱ्याच्या खिशात दमडी नसली की जखमी माणसाच्या हाती कोर्टाचा हुकूमनामा तेवढा उरत असे. इंग्लंडने १९३० साली त्रयस्थासाठी विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती सक्ती घातली गेली, तरी ते प्रकरण प्रत्यक्ष अंमलात यावयाला १ जुलै १९४६ हा दिवस उजाडावा लागला. पुढे १९८८ चा कायदा झाला, त्यात दुरुस्त्या झाल्या आणि न्यायालयांच्या असंख्य निकालांनी त्याला घाट आला. या दीर्घ घडामोडीतून तीन तत्त्वे पक्की झाली. पहिले, हा विमा गाडीमालकाच्या सोयीसाठी नसून रस्त्यावरच्या त्रयस्थाच्या रक्षणासाठी आहे. दुसरे, त्रयस्थाचा मृत्यू झाला वा त्याला इजा झाली, तर विमा कंपनीची जबाबदारी पॉलिसीवर छापलेल्या एखाद्या आकड्याशी थांबत नाही. न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई द्यावी लागते. आणि तिसरे तत्त्व तर या दोहोंहून मोलाचे आहे. चालकाच्या परवान्यात खोट निघाली, म्हणजे पॉलिसीची अट मोडली गेली, तरी त्याचा भुर्दंड जखमी माणसावर पडू नये. २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा विस्ताराने ऊहापोह केला. न्यायाधिकरणाने विमा कंपनीला आधी जखमीचे पैसे चुकते करावयास सांगावे आणि कंपनीने ते मागाहून गाडीमालकाकडून वसूल करावेत, हा मार्ग त्या निकालाने अधिक प्रशस्त केला.

आता ही तीन तत्त्वे ड्रोनला लावून पाहावीत. पहिल्याच पायरीवर ठेच लागते. ड्रोनच्या ज्या पॉलिसी बाजारात मिळतात त्या सामान्यतः ठराविक रकमेच्या मर्यादेच्या असतात. काही तर एका दिवसापुरत्या वा एका उड्डाणापुरत्या विकण्याचीही सोय निघाली आहे. मोटारीचा कायदा जर खरोखरच ड्रोनला लागू असेल, तर मृत्यू वा इजा यांच्या बाबतीत ही मर्यादा त्रयस्थाविरुद्ध टिकणार काय? आणि ती टिकणार असेल, तर किमान रक्कम कोणी ठरविली? मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचे दर सरकारी अधिसूचनेने ठरतात. ड्रोनला असा दर ठरवून दिलेला नाही. परिणामी ज्याला स्वस्तात सुटावयाचे आहे त्याने लहानात लहान रकमेचा कागद घ्यावा आणि नियम पाळल्याचे समाधान मानावे, अशी स्थिती आहे. युरोपीय संघाने २००४ च्या विनियमातच विमानांच्या वजनाप्रमाणे त्रयस्थांसाठी विम्याची किमान रक्कम आखून दिली आणि २० किलोंखालची हौसेची छोटी विमाने तेवढी वगळली. त्यांचा आकडा आपण जसाच्या तसा उचलावा असे आम्ही म्हणत नाही. पण किमान आकडा असला पाहिजे, हे म्हणावयाला युरोपात जाण्याचीही आवश्यकता नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते तीच खरी कळीची आहे. विम्याची पॉलिसी हा एक करार असतो आणि त्या कराराच्या पोटात सरकारी नियम अटींच्या रूपाने दडून बसलेले असतात. यंत्राची नोंदणी झालेली असावी, चालविणाऱ्यापाशी आवश्यक ते प्रमाणपत्र असावे, उड्डाण कायद्याने मोकळ्या असलेल्या क्षेत्रातच व्हावे, अशा या अटी. याचा अर्थ असा की, नियम बदलला की पॉलिसीतले एक अक्षरही न बदलता तिचा अर्थ बदलतो. काल ज्याला विम्याचे छत्र होते तो आज उघडा पडतो, आणि पुष्कळदा त्याचा त्याला पत्ताही नसतो.

एक साधे उदाहरण घेऊ. २०२२ च्या दुरुस्तीनुसार दोन किलोंपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी नव्हे, तर हौसेखातर उडविणाऱ्याला प्रमाणपत्राची गरज नाही. एखादा तरुण चुलतबहिणीच्या लग्नात असा ड्रोन उडवितो. येथपर्यंत सर्व यथास्थित. पुढल्या आठवड्यात तोच तरुण तोच ड्रोन घेऊन दुसऱ्याच्या लग्नात जातो आणि चार पैसे घेतो. तेवढ्याने त्याचे उड्डाण धंद्याचे ठरते व प्रमाणपत्र आवश्यक होते. त्या मांडवात ड्रोन कोसळून एखाद्या मुलीचा डोळा गेला, तर विमा कंपनी म्हणणार की चालकापाशी प्रमाणपत्र नव्हते, सबब आमचा संबंध नाही. पैसे घेतले की नाही, हा त्या तरुणाच्या आणि कायद्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. त्या मुलीच्या डोळ्याशी त्याचा काय संबंध?

आकाशाच्या नकाशाचेही तसेच आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीवाचून उडता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ गेले की परवानगीचे व मनाईचे राज्य सुरू होते. परवानगीच्या पिवळ्या क्षेत्राची बाहेरची सीमा पूर्वी विमानतळापासून ४५ किलोमीटरवर होती, ती २०२१ च्या नियमांनी १२ किलोमीटरवर आणली. हा नकाशा स्थिर नाही, आणि तो असूही शकत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जेथे विमानतळ नव्हता तेथे तो आला, की भोवतालच्या गावांवरील आकाशाचा रंग बदलणे ओघानेच आले. शिवाय मुंबई पोलीस सुरक्षिततेच्या कारणास्तव वेळोवेळी आदेश काढून शहरात ड्रोन उडविण्यावर बंदी घालतात. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने झालेला हल्ला ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना अशा आदेशांची आवश्यकता पटवून द्यावयास नको. आमचा आक्षेप बंदीला नाही. बंदी मोडून उडालेला ड्रोन ज्याच्या डोक्यावर पडला, त्याची भरपाईही त्या बंदीबरोबरच बुडावी, याला आमचा आक्षेप आहे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा करावयाची, तर ती नियम मोडणाऱ्यालाच व्हावी.

तिसरा प्रश्न दाराचा. मोटारीच्या अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, कारण संसदेच्या कायद्याने तसा अधिकार त्याला दिला आहे. विमानविषयक कायद्याखाली काढलेल्या एका नियमाने ड्रोनच्या अपघाताचा दावा तेथे चालविता येईल काय, की जखमी माणसाने दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात? वकील मंडळींना हा वाद रंजक वाटेल. ज्याच्या घरात चूल पेटण्याची पंचाईत आहे, त्याला तो रंजक वाटणार नाही.

या सर्व प्रश्नांना आपल्या ग्रामीण भागात एक जिवंत रूप आले आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'नमो ड्रोन दीदी' योजनेला मंजुरी दिली. महिलांच्या १५,००० बचत गटांना ड्रोन देण्याची ही १,२६१ कोटी रुपयांची योजना. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, सरकार देणार. पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, दोन वर्षांच्या देखभालीचा करार आणि एक वर्षाचा सर्वंकष विमा या गोष्टी योजनेतच अंतर्भूत आहेत. योजना स्तुत्य आहे यात शंका नाही. पण एक वर्षानंतर काय? विम्याचा हप्ता तेव्हा बचत गटाने आपल्या पदरचा भरावयाचा. फवारणीचा हंगाम साधला तर तो भरला जाईल. पावसाने दगा दिला, कामे मिळाली नाहीत, तर पहिली काटछाट विम्यावर होणार, हे खेड्याची थोडीशी ओळख असलेला कोणीही सांगू शकेल. मग विमा नसलेला तोच ड्रोन शेजारणीच्या अंगावर पडला, तर एका गरीब स्त्रीने दुसऱ्या गरीब स्त्रीवर दावा लावावयाचा आणि दोघींनीही कर्जबाजारी व्हावयाचे!

आणि ड्रोन पडलाच पाहिजे असेही नाही. कपाशीवर फवारलेले औषध वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेवर गेले आणि घडांचा नाश झाला, तर ती ड्रोनने केलेली मालमत्तेची हानी म्हणावयाची, की प्रदूषण? दायित्वाच्या विम्यात प्रदूषणाचा अपवाद ही नेहमीची गोष्ट आहे. ड्रोनने कीटकनाशके कशी फवारावीत याची कार्यपद्धती कृषी मंत्रालयाने २०२१ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केली. तिच्या जोडीला शेजाऱ्याच्या पिकाचा विमाही स्पष्ट शब्दांत आला असता, तर ती अधिक उपयोगी ठरली असती.

विमा कंपन्यांची बाजू आम्ही दृष्टीआड करीत नाही. हप्ता ठरवावयाचा तर किती यंत्रे उडतात, किती पडतात, किती माणसे जखमी होतात, यांचा काही वर्षांचा हिशेब हाताशी लागतो. नियम दर वर्षा-दोन वर्षांनी पालटत असतील, तर तो हिशेब जमणार कसा? विमा नियामक प्राधिकरणाने २०२० साली या प्रश्नावर अभ्यासगट नेमला होता, तो उगीच नव्हे. ड्रोनच्या धंद्यातील लोक म्हणतात की, या कोवळ्या रोपावर हप्त्याचे ओझे टाकू नका. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु १९४६ साली मोटारीचा धंदाही आपल्याकडे फार मोठा नव्हता आणि विमा कंपन्यांपाशी आजच्यासारखी आकडेमोडीची साधनेही नव्हती. तेव्हा सक्ती आली, आणि तिच्यामुळेच पुढे हिशेब जमत गेला. शिवाय विमा हा धंद्याचा शत्रू नव्हे. ज्या धंद्याच्या अपघाताची भरपाई निश्चित असते त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो. ज्याची नसते त्याच्यावर एका मोठ्या दुर्घटनेनंतर सरसकट बंदीची मागणी होते. २०१४ ची मनाई पुन्हा नको असेल, तर विम्याची व्यवस्था चोख करण्यात ड्रोनवाल्यांचेच हित आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ड्रोनसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा लोकांच्या विचारार्थ मांडला. त्यात दोन गोष्टी निःसंशय चांगल्या आहेत. विम्याची सक्ती नियमाच्या आडोशातून निघून कायद्याच्या कलमात येते, आणि दावे मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे सोपविले जातात. म्हणजे दाराचा प्रश्न सुटतो. दोष कोणाचा हे न पाहता भरपाई देण्याचे तत्त्वही मसुद्याने स्वीकारले आहे. पण रक्कम किती? मृत्यूला अडीच लाख रुपये आणि गंभीर इजेला एक लाख! मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमानुसार याच तत्त्वावर मिळणारी भरपाई अनुक्रमे पाच लाख आणि अडीच लाख आहे. मोटारीखाली मेलेल्या माणसाच्या जिवाचे मोल पाच लाख आणि ड्रोनखाली मेलेल्याचे त्याच्या निम्मे, हा हिशेब कोणत्या अंकगणितात बसतो? रस्त्यावर चालणाऱ्याने निदान मोटारीचा धोका जाणून पाऊल टाकलेले असते. आपल्या अंगणात बसलेल्या म्हातारीने आकाशातून येणाऱ्या यंत्राचा धोका कधी पत्करला होता?

तेव्हा सरकारने करावयाच्या गोष्टी उघड आहेत. दोषनिरपेक्ष भरपाईची रक्कम मोटार कायद्याच्या बरोबरीला आणावी. ड्रोनच्या वजनाप्रमाणे व कामाप्रमाणे थर्ड पार्टी विम्याची किमान रक्कम ठरवावी आणि एक नमुना-पॉलिसी जाहीर करावी, जिच्यात फवारणीच्या औषधाने झालेली हानी निःसंदिग्धपणे समाविष्ट असेल. 'आधी जखमीला द्या, मग कसूरदाराकडून वसूल करा' हे तत्त्व न्यायाधीशांच्या सदसद्विवेकावर न सोडता कायद्याच्या कलमात लिहावे. नियम वा नकाशा बदलला म्हणून चालू पॉलिसीचे त्रयस्थाला असलेले संरक्षण तिच्या मुदतीत कमी होणार नाही, असे बजावावे. ड्रोनच्या ओळख क्रमांकाशी विम्याची नोंद जोडावी, म्हणजे मुदत संपलेली पॉलिसी पोलिसाला आणि मांडवातल्या यजमानालाही पाहता येईल. ज्याचा मालकच सापडत नाही अशा ड्रोनसाठी, आणि विम्यातून सूट मिळालेल्या नॅनो ड्रोनसाठीही, एक निधी असावा. धडक देऊन पळून गेलेल्या मोटारीच्या बाबतीत मृत्यूला दोन लाख व गंभीर इजेला पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहेच. तिचा कित्ता गिरविणे अवघड नाही. आणि ड्रोन दीदींच्या विम्याचा हप्ता पहिल्या वर्षानंतर निदान आणखी दोन वर्षे सरकारने उचलावा. १,२६१ कोटींच्या योजनेला हा भार जड नाही.

यंत्र मोकळे सोडणे सोपे असते. एका अधिसूचनेने ते होते. त्या यंत्रापासून ज्यांना काही लाभ नाही त्यांच्या जिवाची हमी घेणे हे राज्यकारभाराचे खरे काम आहे. दहा वर्षांत सरकारने ड्रोन उडविणाऱ्याचे ऐकून घेतले, बनविणाऱ्याचे ऐकून घेतले आणि सुरक्षा यंत्रणांचेही ऐकून घेतले. आता पाळी खालच्या माणसाची आहे. त्याची संघटना नाही, त्याचे शिष्टमंडळ दिल्लीला जाणार नाही, आणि आपल्यावर उद्या काय कोसळणार आहे हे त्याला ठाऊकही नाही. म्हणूनच त्याची तरतूद कायद्याने आज करून ठेवली पाहिजे. अपघातानंतर केलेली तरतूद ज्याचा अपघात झाला त्याच्या उपयोगी कधीच पडत नाही.